गोजरानं उसवलेली गोधडी

घाटाखालच्या एका गावात गोजरा नावाची एक बाई राहत होती. हात मोठा चलाख. खुरपायला बसली की तिची ओळ सगळ्यांच्या आधी बांधाला लागायची. पण रागही तसाच, कायम नाकावर. काम एका झटक्यात झालं नाही की तिचं डोकं फिरलंच म्हणून समजा.

त्या गावात एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की तिच्यासोबत आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी द्यायची. आई असली तर आई शिवायची, नसली तर थोरली बहीण. गोजराची आई पावसाळ्यात वारली, आणि धाकट्या ठकूचं लग्न माघात ठरलं. आईची दोनच लुगडी मागे राहिली होती. ती वाया गेली तर तिसरं आणायचं कुठून?

गोजरानं आजवर सुई धरली होती ती पायातला काटा काढायला. तरी ती मनाशी म्हणाली, ‘चौकोनच तर जोडायचेत. त्यात काय मोठंसं?’

नऊ चौकोन जोडले की गोधडीचं एक घर होतं, आणि अशी घरं एकमेकांना जोडत जायचं. पहिला चौकोन तिनं वितीनं मोजून नीट कापला. तो लुगड्यावर ठेवून, भोवती कोळशाची रेघ ओढून दुसरा कापला. मग दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा. हाताला येईल तो तुकडा मापाला घ्यायचा आणि कात्री चालवायची, असा धडाका तिनं लावला.

घरं जुळेनात. एक मधेच फुगलं, एकाचा कोपरा दुसऱ्यावर चढला. गोजरानं कापड ताणून ताणून टाके घातले, तर सगळीकडे चुण्या पडल्या. नाचता येईना अंगण वाकडं! कात्रीला धार नाही, सुई जाड आहे, लुगडंच विरलंय, असं ती ठकूला ऐकवत राहिली. स्वतःचा हात सोडून सगळ्यांवर ठपका ठेवून झाला.

एका दुपारी ती एक शिवण उसवायला बसली. दोरा अडकला. तिनं रागानं हिसका दिला, आणि टर्रकन आवाज झाला. दोरा तुटला नव्हता, आईचं लुगडं फाटलं होतं.

“तुझ्या लग्नापायी झालं हे सगळं!” ती ठकूवर ओरडली. “आईची एवढीच खूण होती, ती पण गेली!”

ठकू चुलीपाशी जाऊन पाठमोरी बसली. ती पाठ हलताना दिसली तेव्हा गोजराचा राग उतरला आणि तिला स्वतःची लाज वाटली. फाटलेला तुकडा तिनं तोंडाशी धरला आणि ती पोटभर रडली.

रडून झाल्यावर तिनं पुन्हा सुई घेतली. या वेळी एकेक टाका सुईच्या टोकानं उचलून हलकेच सोडवला. पहिलं घर पूर्ण सुटलं. ज्या क्रमानं कापले होते त्याच क्रमानं तिनं ते चौकोन एकावर एक ठेवले आणि ती बघतच राहिली. उलटी उतरंड! तळाशी सगळ्यांत लहान तुकडा, माथ्यावर सगळ्यांत मोठा. कोळशाच्या रेघेच्या जाडीमुळे प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा दोऱ्या-दोन दोऱ्यांनी वाढत गेला होता. खोट ना कात्रीत होती, ना सुईत. तिनं पहिलं माप सोडलं होतं.

आता मोठे तुकडे कापून पहिल्याएवढे करता येणार होते. पण त्यासाठी आजवर जोडलेलं घर न् घर उसवावं लागणार होतं. चुलीपाशी बसलेली ठकू उठून आली.

“र्‍हाऊ दे अक्का. अशीच नेते मी. अंगावर घेतल्यावर कुणाला दिसतंय?”

“तुला दिसंल,” गोजरा म्हणाली. “आन् मघाशी बोलले ते पण मागं घेते बाय. चुकलं माझं.”

त्या दिवसापासून तिनं एकही शिवण ओढली नाही. पहिला चौकोन मापासाठी वेगळा काढला आणि दरवेळी तोच वापरला. घर पुरं झालं की जमिनीवर पसरून बघायचं, फुगलं असेल तर पुन्हा उसवायचं. हात शिवशिवायचे, जीव कातावायचा. तेव्हा ती उठून दारात उभी राहायची आणि मन थाऱ्यावर आलं की परत बसायची. फाटलेला चौकोन तिनं टाकला नाही. खालून ठिगळ देऊन तो गोधडीत घेतला.

सासरी निघायच्या वेळी ठकूनं गोधडी उराशी धरली. तिची बोटं ठिगळावर थांबली. “अक्का, इथं?”

“इथं मी फाडलं.”

बोटं पुढे सरकली. शिवणीच्या कडेला सुईच्या जुन्या भोकांची रांग लागली. “आन् इथं?”

“इथं उसवलं,” गोजरा म्हणाली. “आईजवळ शिकायचं र्‍हाऊन गेलं बघ माझं. तुझं र्‍हाऊ नये. उद्या तिथं काय चुकलं, तर हिसका नको देऊस. बस, आन् उसव.”

तात्पर्य: चुकलेलं रागानं ओढलं तर फाटतं आणि धीरानं उसवलं तर पुन्हा जोडता येतं; ज्याला उसवता आलं, त्यालाच शिवता आलं.