राजवाड्याकडे पाठ न करणारे हत्ती

पूर्वी कुंभवती नगरीत राजा विजितसेन राज्य करीत असताना, भद्रिका नावाच्या एका तरुणीला एका सकाळी आपली चटई जड लागली. कालपर्यंत एका हाताने उचलली जाणारी चटई तिने दोन्ही हातांनी उचलली आणि खाली पाहिले. जमीन नुकती सारवल्यासारखी काळी दिसत होती, आणि तिने तर दोन दिवसांत सारवलेच नव्हते.

त्या काळी बोधिसत्त्व त्याच नगरीत जलकारांच्या श्रेणीचे, म्हणजे कारागीरसंघाचे, प्रमुख होते. मातीचे नळ भाजायचे आणि पश्चिमेच्या तळ्यातले पाणी गल्लोगल्ली न्यायचे, हे या श्रेणीचे काम. प्रत्येक नळावर चालत्या हत्तीचा ठसा असे. हत्ती भिंतीवर आला की घराची पाण्याची चिंता मिटली, असे लोक अभिमानाने सांगत. इतकी वर्षे हे नळ राजवाड्याच्या अलीकडेच थांबत. पंधरवड्यापूर्वी ते पहिल्यांदाच पलीकडे, पूर्वेच्या गल्लीत आले आणि गल्लीतले पहिले घर भद्रिकेचे होते. काम सोणक नावाच्या कारागिराने केले होते.

भद्रिका मुळातच दचकणारी. पाल चुकचुकली तरी तिचा हात छातीवर जाई. दव असेल, असे तिने तीन दिवस स्वतःला समजावले. चौथ्या दिवशी ओंजळभर गिलावा खाली आला तेव्हा तिने सोणकाला बोलावणे धाडले.

सोणकाने नळावरून बोट फिरवले, सांध्यांवरचा चुना समोरून कसा कोरडा, पांढराशुभ्र आहे ते तिला दाखवले आणि मग भिंतीत नख खुपसले. ती भिंत भद्रिकेच्या वडिलांनी रचलेली. मातीच्या भिंती रचणे हाच त्यांचा व्यवसाय होता आणि गल्लीतली निम्मी घरे त्यांच्या हातची होती. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती.

"नळ गळत नाही, भद्रिके," सोणक म्हणाला. "तुझ्या बापाची भिंत रडते आहे. मातीच कच्ची होती."

दारात उभ्या असलेल्या शेजारणींनी हे ऐकले आणि एकेक जण मागे वळून आपापल्या भिंतीकडे पाहू लागली. भिंत पडेल याचे भय भद्रिकेला होतेच, पण शेजारणींचे ते पाहणे तिला अधिक लागले.

नळ उघडून बघावा तर श्रेणीप्रमुखांच्या आज्ञेवाचून त्याला हात लावायची मुभा नव्हती. श्रेणीच्या दाराशी एक रिकामा माठ पालथा ठेवलेला असे. तक्रार असेल त्याने तो वाजवावा आणि आतल्याने ओ द्यावी, अशी रीत. भद्रिकेने माठ वाजवला आणि त्याच्या आवाजाने स्वतःच दचकली. ओ कोणी दिली नाही. प्रमुख भट्टीवर आहेत, राजाच्या नव्या स्नानगृहाचे नळ निवडत आहेत, असे तिला सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.

"हळू वाजव बाई," माडीवरून एक कारागीर म्हणाला. "माठ आमच्या भट्टीतला आहे, तो फुटायचा नाही. कान फुटतील आमचे."

वरचे सगळे हसले. भद्रिका मान खाली घालून निघाली. कोणाच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून ती भिंतींकडे बघत चालली. भिंतींवर हत्ती होते. ते तिच्याबरोबरच पूर्वेकडे चालले होते, पाणीही त्याच दिशेने वाहत होते. राजवाडा ओलांडून ती आपल्या गल्लीत वळली, तर हत्ती समोरून आले. ती जागच्या जागी थबकली.

काम संपल्यावर उरलेले दोन नळ तिच्या अंगणात पडून होते. तिने ते जवळ ओढले. हत्तीची सोंड निमुळत्या टोकाकडे होती, शेपूट रुंद तोंडाकडे. वरच्या नळाचे निमुळते टोक खालच्याच्या रुंद तोंडात बसवून तिने तांब्याभर पाणी ओतले. थेंबही सांडला नाही. मग भिंतीवर होते तसे नळ उलटे फिरवून ओतले. सांध्यातून तिचे पाय भिजले.

ती तशाच ओल्या पायांनी परत निघाली. श्रेणीच्या दाराशी सोणकाने तिला अडवले. राजाचे अधिकारी आत बसले आहेत, स्नानगृहाचे काम आजच ठरायचे आहे, तू उद्या ये, असे तो दबक्या आवाजात विनवू लागला. फुगलेली भिंत उद्यापर्यंत उभी राहील की नाही, हे भद्रिकेला ठाऊक नव्हते. तिने माठ वाजवला आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मोठ्याने बोलली.

"माझ्या भिंतीवरचे हत्ती उलटे चालले आहेत. माझ्या वडिलांच्या मातीत खोट नाही. आत कोणी आहे का?"

कोपरापर्यंत चिखलाने माखलेले बोधिसत्त्व दारात आले, त्यांच्यामागे राजाचे अधिकारी. हत्ती का फिरवले, असे बोधिसत्त्वांनी सोणकाला विचारले.

सोणकाने मान खाली घातली. "आपणच शिकवलंत, आचार्य. श्रेणीच्या हत्तीने राजवाड्याकडे पाठ करू नये. पलीकडच्या गल्लीत सरळ बसवले असते तर पाठ झाली असती."

अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर संतोष दिसला. इथे गप्प राहिले असते, तर बोधिसत्त्वांना राजाचे काम आणि राजाची मर्जी दोन्ही मिळाली असती. त्यांनी अधिकाऱ्यांकडे एकदा पाहिले आणि ते भद्रिकेकडे वळले.

"आहे, बाई. मी आहे," ते म्हणाले. "हात सोणकाचा होता, चूक माझी. वीस दिवस आमचं पाणी पिऊनही तुझ्या वडिलांची भिंत उभी आहे. इतका पक्का नळ मला अजून भाजता आलेला नाही."

एवढी कथा सांगून तथागतांनी ती वर्तमानाशी जोडली. "भिक्षूंनो, तेव्हाचा सोणक म्हणजे विहाराच्या बांधकामावर देखरेख ठेवणारा, आता खाली मान घालून बसलेला हा भिक्षू. भद्रिका म्हणजे त्याच्या कामातला दोष कापऱ्या आवाजात दाखवणारी ही उपासिका. आणि त्या श्रेणीचा प्रमुख मीच होतो." सगळ्यांचे कान टवकारलेले असताना आपली चूक आपल्या तोंडाने सांगणे, हीच सत्यपारमिता, सत्यवचनाची परिपूर्णता, होय.