बेलावरचं पांढरं पाखरू

फार जुन्या काळची गोष्ट. एका नगरात साळ्यांची, म्हणजे विणकरांची, आळी होती. तिथल्या आवडाई नावाच्या सुनेनं महादेवाला नवस बोलला होता, "माझी लेक तापातून उठू दे. अंगणातल्या बेलाची पानं माझ्या हातानं तोडून ओळीनं सोळा सोमवार तुला वाहीन."

लेक उठली, हसू-खेळू लागली. पंधरा सोमवार पार पडले.

सोळाव्या सोमवारी आवडाईनं फांदी वाकवली, तो काय! पानांआड वाटीएवढं घरटं, आत तीन अंडी. वर बसलेलं दुधासारखं पांढरं पाखरू, डोक्यावर काळा तुरा, मागे सुताच्या लडींसारखी लांबलचक शेपटी. असं पाखरू आळीत कुणी जन्मात पाहिलं नव्हतं. फांदी हलताच ते उडालं आणि कौलावर बसून कासावीस ओरडू लागलं.

झाड ठेंगणं, कुठलीही फांदी ओढली तरी घरटं हललं असतं. आवडाईनं फांदी हळूच सोडली आणि रिकामं तबक घेऊन घरात आली.

"पाखरासाठी नवस मोडतेस?" सासू म्हणाली. "नातीवर काही आलं म्हणजे?"

आवडाईनं लेकीला जवळ ओढलं. पण ती म्हणाली, "आत्याबाई, तीही कुणाची लेकरंच. मी पहिल्यापासून पुन्हा सोळा करीन. आज मात्र फांदीला हात लावायची नाही."

सासू तणतणत बाहेर गेली. पाखरू घरट्यात परतलं होतं. ते दिसलं आणि तिचा राग कुठल्या कुठे पळाला. "अगं बाई! हे तर कैलासावरचं!"

दुपारपर्यंत आळीभर झालं. बायका धूप, निरांजन, झांजा घेऊन आरतीला निघाल्या. सर्वांत पुढे सासू.

आवडाई दारात आडवी उभी राहिली.

"मोठी आली देवाला अडवणारी!" शेजारीण फणकारली.

"देवाला नाही हो मावशी, झांजांना अडवतेय. बाळंतिणीच्या उशाशी कुणी झांजा बडवतं का?"

कुणीतरी फिसकन हसलं. सासूनं हातातल्या झांजांकडे पाहिलं आणि त्या ओच्यात दडवल्या. "चला गं बायांनो, इथूनच हात जोडा."

त्या दिवसापासून आवडाई सूत भरायचा रहाट दारात मांडून बसू लागली. मांजर हाकली, पोरांना दटावलं. अंडी फुटली, पिल्लं मोठी झाली आणि एका सकाळी तिन्ही उडून गेली. त्यानंतरच्या सोमवारी तिनं नव्यानं पहिलं पान तोडलं. लेक ठणठणीत राहिली. पुढच्या वर्षी आळीत तशी दोन घरटी झाली, आणि झांजा न सांगता घरात राहिल्या.

जिवाला जपून केलेली पूजाच देवाला पोचते.

तेव्हा बायांनो, लेकरांनो, तुमच्या दारी असं पाखरू आलं, तर तुम्हीही लांबूनच हात जोडा आणि त्याचं घरटं राखा.