कातळवाडीचा शहाणा धूर

कातळवाडीत खडीच्या क्रशरवर राबणारे पुरुष खोकून खोकून खंगले, तेव्हा क्रशर थांबवून चौकशी समिती नेमली गेली. समितीचे अध्यक्ष डॉ. गुळवे मालकाच्याच गाडीतून आले, त्याच्याच घरी जेवले आणि गावसभेत ढेकर देत म्हणाले, "हा चुलीच्या धुराचा आजार! क्रशर खुशाल सुरू करा."

रोगाचं मूळ शोधत वर्षभर घरोघर हिंडलेल्या डॉ. वैजयंती तायडेंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, क्रशरवर बायकांना घेतात?"

"छे! ते पुरुषांचं काम," मालकच म्हणाला.

"आणि चूल कोण फुंकतं?"

"आम्हीच की!" बायका ओरडल्या.

"मग या धडधाकट आणि आयते जेवणारे यांचे नवरे अंथरुणाला खिळलेले, हे कसं?"

"बायकांना धुराची सवय असते," गुळवे गुरगुरले.

"मग अहवालात लिहा, कातळवाडीचा धूर मोठा शहाणा आहे. चूल फुंकणारीला तो शिवत नाही, क्रशरवर जाऊन तिच्या नवऱ्याला गाठतो. लिहा, आणि या खोकणाऱ्यांच्या डोळ्यांत बघून खाली सही ठोका!"

गुळव्यांनी पेनाला टोपण लावलं.