ठकाईचा रिकामा पाट

फार वर्षांपूर्वी, म्हणजे खोटं बोलणाऱ्याला जागच्या जागी उचकी लागायची त्या काळी, आपल्या गावावर एक इनामदार होता. आबासाहेब त्याचं नाव. घरात उदंड, हाताला काम नाही. एके दिवशी त्याच्या मनात आलं, नावेत बसून फिरावं. आता डोंगरात नाव कुठं चालणार? मग त्यानं ओढ्याला मातीचा बांध घातला आणि पाणी अडवलं. त्या पाण्यानं ना कुणाचं शेत भिजलं, ना ते कुणाची गुरं प्यायली. संध्याकाळी इनामदार नावेत बसायचा आणि गाव काठावरून बघायचं. हौसेला मोल नाही! लोक त्या तळ्याला हौसतळंच म्हणू लागले.

बांधाच्या पायथ्याशी कुंभारवाडा, आणि तिथं राहायची ठकू. बाईच्या पायाला नुसती भिंगरी. भाकरीसुद्धा उभ्यानं खायची, असं म्हणतात. सासू कावायची, "अगं, टेक की जरा!" ही टेकायची आणि लगेच उठायची.

ठकूला मूल नव्हतं. बांधाच्या माथ्यावर कावळ्यानं टाकलेल्या बियेतून एक उंबर उगवला होता, इवलासा. तिनं त्यालाच साकडं घातलं. रोज मडकंभर पाणी घालायची. उंबर वाढला आणि ठकूला लेक झाली, मैना. मग काय विचारता! लोकांनी उंबराला पार बांधला, दर गुरुवारी तिथं दिवा लागू लागला. इनामदार नाव बांधायचा तीही त्याच्याच खोडाला. झाड माती धरून ठेवतं, असं जो तो म्हणायचा. डोंगरावर ते खरंही आहे बरं का. पण बांध म्हणजे डोंगर नव्हे.

मैना मोठी झाली, सासरी गेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. घरात पाळणा बांधला आणि ठकूच्या जिवाला घोर लागला. पाळण्याखालची जमीन ओली! सकाळी सारवावी, दुपारी पुन्हा ओली.

"पोरीचंच असेल गं," शेजारीण म्हणाली.

"पोरीचं असेल तर गढूळ कसं?" ठकू म्हणाली.

तिनं नखानं माती उकरली. आत केसासारखं बारीक, तांबूस मूळ. तिनं ते ओढलं, तर बाहेर पोरं ओरडली, "अगं बया! वारा नाही आणि उंबर हलतोय!" पुन्हा ओढलं, पुन्हा हलला. अख्खा बांध पोखरून उंबराचं मूळ तिच्या घरात आलं होतं, आणि मुळाचं बोट धरून तळ्याचं पाणीही आलं होतं.

ठकू धावतच तळ्यावर गेली. "सरकार, पाणी उतरवा. उंबर काढायचाय."

गाव उसळलं. "औदुंबराला कुऱ्हाड? ज्यानं तुझी कूस उजवली त्याला? काही लाजलज्जा?" मैनानं तर तिचे पाय धरले. "आये, नको गं! त्यानं मला दिलं तुला. उद्या माझ्या पोरीला काही झालं तर?"

हेच, अगदी हेच ठकूच्या पोटात कुरतडत होतं. पाळण्यापासून उंबरापर्यंत आणि उंबरापासून पाळण्यापर्यंत ती फेऱ्या घालत राहिली. तिच्या पायांनी तिथं वाट पडली, असं म्हणतात.

इनामदार हसत होता. तेव्हा ठकूनं सरळ त्याचा हात धरला. कुंभारणीनं इनामदाराचा हात! ओढत घरी आणला, पागोट्यासकट दारातून वाकवला, पाळण्याखाली बसवला आणि मूळ हातात दिलं. "ओढा."

त्यानं ओढलं. बांधाच्या पोटातून कण्हल्यासारखा आवाज आला आणि तिकडं उंबराला बांधलेली नाव पाण्यात गर्रकन फिरली, असं म्हणतात. इनामदाराला दरदरून घाम फुटला. पाळण्यात पोर झोपेत हसत होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

"सांडवा खोदा," तो म्हणाला. सांडवा म्हणजे तळ्यातलं जादा पाणी जायची वाट. ती खोल केली आणि पाणी हळूहळू उतरलं.

मग ठकूनं उंबराला हळदकुंकू वाहिलं, त्याची ओटी भरली. म्हणाली, "दिलंस तू, मी नाही म्हणत नाही. पण दिलेलं परत न्यायला आलास, ते नेऊ देणार नाही. शाप द्यायचा तर मला दे." आणि पहिला घाव घातला. उंबरातून दुधासारखा चीक वाहिला. ठकू हमसून हमसून रडत होती, पण हात थांबला नाही. मुळं शेवटच्या तंतूपर्यंत उकरून काढली, खड्ड्यात थराथरानं माती भरली, आणि प्रत्येक थरावर गावच्या बायकांनी फुगड्या घातल्या, माती घट्ट बसेपर्यंत.

त्या साली पाऊस असा कोसळला की डोंगर दिसेना. बांध जागचा हलला नाही.

कुणी म्हणतं, ठकूला त्या बांधात जिवंत गाडली. साफ खोटं! लोकांच्या जिभेला हाड नसतं. ती चांगली म्हातारी होऊन, नातीच्या लग्नात पंगती वाढून मेली. पण तोवर तिला चैन म्हणून पडलं नाही. मैनाला साधी शिंक आली तरी काळजात धस्स व्हायचं: लागला की काय शाप? आधी लेकीचं कपाळ चाचपायचं, मग जाऊन बांधाची माती चाचपायची, जन्मभर हेच. शाप काही लागला नाही. पण लागणार नाही, हे तिला कोण सांगणार?

इनामदार गेला, नाव कुजली, तळं आहे. वटपौर्णिमेला आपल्या बायका वडाला सूत गुंडाळतात, आणि दुसऱ्या दिवशी बांधावर चढून उगवलेलं एकूण एक रोप मुळासकट उपटतात. टाकत नाहीत हं, पदरात घेऊन शेताच्या कडेला लावतात. मग बांधावर फुगड्या. शेवटी एक पाट मांडतात, आणि त्या सालची नवी बाळंतीण म्हणते, "ठकाई, बस गं आता."

पाट रिकामाच राहतो. एखादं पोर त्यावर टेकायला गेलं की कुणीतरी म्हातारी खेकसते, "ऊठ मेल्या! ती बसली असती, तर तू असतास का बसायला?"