भिंतीखालचा पावसाळा

सकाळी अकरा वाजता, जुन्या धरणाच्या पायथ्याशी भोईवाडीत जनसुनावणी भरली. गळकी भिंत पाडा, म्हणजे नदीत खडस मासा परतेल आणि वाडीचा जीवही वाचेल, ही सरपंच गोदाबाई तारूंची मागणी होती.

"पाडायची नाही, तिच्यावरच नवी उभारू. तोवर वाडीला काडीचा धोका नाही, मी सांगतो ना!" अभियंता घारपुरे गरजले.

गोदाबाईंना हेच हवं होतं. "साहेब, आमच्यात नव्या होडीत आधी बांधणारा बसतो, मग उतारू. यंदाचा पावसाळा बायकामुलांसकट माझ्या घरी काढा, मागणी मागे घेते."

"तसं कसं बाई? माझा बंगला टेकडीवर मंजूर आहे."

"टेकडीवर? का हो?"

अख्खा मांडव हसला. बंगला टेकडीवर उभा राहिला, गळक्या भिंतीखाली वाडी तशीच आहे.