थोरल्या खारीची पाइनराई

मुलांनो, कॅनडात एक मोठे जंगल आहे. तिथली जमीन जवळजवळ अर्धे वर्ष बर्फाखाली असते. त्या जंगलात, नदीच्या अलीकडच्या काठावर, दोन खारी राहत असत. दोघी सख्ख्या बहिणी. थोरली हुशार म्हणून नावाजलेली होती. यंदा कोणत्या झाडाला भरपूर फळ येणार, कोणते झाड आतून पोखरले आहे, हे ती बघताबघता सांगून मोकळी व्हायची, आणि पुष्कळदा ते खरे निघायचे. खोटे निघाले तर ती त्याविषयी बोलत नसे, त्यामुळे ते कुणाच्या लक्षातही राहत नसे. धाकटी साधी होती. तिला आपल्या ताईचा फार अभिमान होता.

त्या जंगलात एक चाल होती. हिवाळा संपला की पक्षी भुकेने कासावीस झालेले असत. अशा वेळी ज्या कुणाकडे साठ्यातले दाणे, बिया, सुकवलेली अळंबी उरलेली असे, त्याने ती एखाद्या झाडावरच्या पक्ष्यांना खायला द्यायची. ते पक्षी मग उन्हाळाभर त्या झाडावरची कीड टिपत. पानगळीच्या दिवसांत झाडाला फळ आले की देणाऱ्याला त्यातला वाटा मिळे. झाड भरभरून फळले तर वाटा दिल्यापेक्षा कितीतरी मोठा असे. झाड फळलेच नाही, तर वाटाही नसे.

त्या वसंतात धाकटीवर वाईट प्रसंग आला. ससाण्याला चुकवताना ती उंच फांदीवरून पडली आणि तिचा पुढचा पाय मोडला. पाय जुळला, पण वाकडाच जुळला. आता तिला झाडावर चढणे जमेना. पदरात तीन पिल्ले होती. आदल्या वर्षीची बेगमी मात्र चांगली होती, ढोली अजून अर्धी भरलेली होती. त्यावरच पुढचा हिवाळा काढायचा आणि जमले तर त्यात भरही घालायची, हे तिला कळत होते. कसे, ते कळत नव्हते. म्हणून ती लंगडत नदीवर बीव्हरकडे गेली.

बीव्हर हा नदीत लाकडा-चिखलाचे घर बांधून राहणारा प्राणी. तो पोहण्यात पटाईत, त्यामुळे त्याचा वावर दोन्ही काठांवर असे. सगळे प्राणी आपापले थोडेथोडे त्याच्याकडे आणून देत. तो ते दोन्ही काठांवरच्या सगळ्या झाडांच्या पक्ष्यांना वाटून देई, आणि पानगळीत प्रत्येक झाडाचे थोडेथोडे गोळा करून ज्याचे त्याला पोचवी. या खटपटीबद्दल प्रत्येक ओझ्यातली मूठभर फळे तो स्वतःला ठेवत असे. फळे तो खात नसे. ती देऊन तो खाण्यासाठी विलो नावाच्या नदीकाठच्या झाडाच्या कोवळ्या डहाळ्या घेई.

धाकटीने त्याला विचारले, की कोणते झाड धरू?

"ते मला कळत नाही," बीव्हर म्हणाला. "कळत नाही म्हणूनच मी सगळ्यांना थोडं थोडं देतो. काही झाडं दरवर्षी फसतात, पण सगळी एकदम फसलेली मी पाहिली नाहीत. मात्र वाईट वर्षी वाटा अगदी थोडा येतो, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणून येत्या हिवाळ्यापुरतं मला देऊ नकोस. ते तुझ्या ढोलीतच राहू दे. तिथं ते वाढणार नाही, पण लागेल तेव्हा हाताशी असेल."

धाकटीला हे पटले. ती घरी जाऊन ताईला सांगणार, तोच ताई तिथेच पाणवठ्यावर भेटली. तिथे ससे, साळिंदरे, आणखी दोनचार खारी होत्या. थोरलीने सगळे ऐकून घेतले आणि ती बीव्हरकडे वळून म्हणाली, "नदीकाठचा तो वाळका ओक फळणार नाही हे कुणीही सांगेल. त्याच्यावरच्या पक्ष्यांनाही तुम्ही खायला घालता. याला निवड म्हणायचं का, बीव्हरदादा?"

सगळे हसले. बीव्हरने क्षणभर विचार केला. "नाही, निवड नाही म्हणता येणार," तो म्हणाला आणि आपले ओझे घेऊन पाण्यात उतरला.

घरी परतताना थोरलीने बहिणीची समजूत घातली. पैलतीरावरची झाडे आपण कधी पाहिलीसुद्धा नाहीत, त्यांचा काय भरवसा, असे तिचे म्हणणे होते. आपल्याच काठावर पाइनची एक राई होती. गेली तीन वर्षे ती अशी काही फळत होती, की तिथल्या फांद्या ओझ्याने वाकत. निळ्या तुऱ्याचा एक बडबड्या पक्षी जंगलभर त्या राईचे गुणगान करत हिंडत असे. थोरलीने आपले सगळे त्या राईला द्यायचे ठरवले होते. धाकटीनेही तसेच करावे, असे तिने सांगितले.

धाकटी म्हणाली, की राई चांगलीच आहे, पण ढोलीतले हिवाळ्यापुरते तेवढे राहू दे.

"ते नुसतं पडून राहणार," थोरली म्हणाली. "राईला दिलंस तर त्याचं तिप्पट होईल. आणि हिवाळ्याची काळजी तू कशाला करतेस? मी आहे ना."

या शेवटच्या शब्दांवर धाकटीने ढोली रिकामी केली. मुलांनो, तिला राईची खात्री पटली नव्हती. तिला ताईची खात्री होती.

उन्हाळा लागला आणि पाइनच्या राईत तपकिरी अळ्या पडल्या. पक्ष्यांनी जिवापाड मेहनत केली, पण एक अळी टिपावी तोवर फांदीवर दहा दिसत. शेंड्यांच्या सुया लाल पडल्या, मग खालच्या फांद्या वाळू लागल्या. हे सगळ्यांआधी थोरलीने पाहिले, आणि पाहताक्षणी ओळखले. आजच बहिणीला सांगावे असे तिच्या मनात आले. पण परतीच्या वाटेवर एक साळिंदर भेटले. त्याने कौतुकाने विचारले, की काय म्हणते तुझी राई? ती म्हणाली, झकास. एकदा तसे म्हटल्यावर बहिणीपाशी वेगळे बोलणे तिला जमेना. उद्या सांगू, असे म्हणून ती झोपली. दुसऱ्या दिवशीही तिने तेच केले.

निळा पक्षी तर केव्हाच दुसऱ्या एका झाडाचे गुणगान करू लागला होता. पाइनचे नावही त्याच्या तोंडी उरले नव्हते.

धाकटी रोज संध्याकाळी विचारायची, "ताई, राई कशी आहे?" थोरली म्हणायची, बरी आहे. एकदा धाकटी म्हणाली, की टेकडीच्या उतारावर ब्लूबेरी पिकली आहे, पावसानंतर अळंबीही उगवली आहेत. ती सगळी जमिनीलगतच असतात, चढावे लागत नाही. पिल्लांना घेऊन हळूहळू गेले तर थोडीफार सुकवून ठेवता येतील. जाऊ का?

थोरलीला त्या क्षणी खरे सांगता आले असते. ती म्हणाली, "कशाला पायाला त्रास देतेस? काही गरज नाही." बोलताना तिचा आवाज मायेचाच होता, आणि त्या मायेचीच तिला शिसारी आली. पण शब्द तिने मागे घेतले नाहीत. धाकटी घरीच थांबली. उतारावरची ब्लूबेरी अस्वलांनी खाल्ली, उरलेली गळून गेली.

पानगळ आली. बीव्हर दोन्ही काठ फिरून वाटे घेऊन आला. वर्ष बेताचेच होते. पाइनच्या राईतून काही मिळाले नव्हते, वाळक्या ओकाने काहीच दिले नव्हते. पण पैलतीरावरची हेझलची झुडपे टणक कवचाच्या फळांनी लगडली होती, मेपलच्या झाडांनीही बरे बी दिले होते. ज्यांनी बीव्हरकडे दिले होते त्यांच्यापैकी कुणाची ढोली ओसंडली नाही, आणि कुणी रिकाम्या हाताने परतले नाही. थोरली दूर एका खोडाआडून हे पाहत होती. तिने बहिणीला जाऊन सांगितले, की राईची वाटणी यंदा जरा लांबली आहे.

पहिला बर्फ पडला. ढोलीत खायला काही नव्हते. पिल्ले सारखी आईला बिलगत होती. शेवटी एका सकाळी धाकटी पिल्लांना घेऊन स्वतःच राईकडे निघाली. लंगडत, थांबत थांबत ती पोचली. थोरली तिच्या मागोमाग लपत आली होती. ती एका दगडामागे दबून बसली.

धाकटीने वर पाहिले. झाडे उघडी, करडी उभी होती. तिने एका खोडाला हात लावला, तशी वाळलेली साल भुकटी होऊन गळाली. हे काल-परवाचे वाळणे नव्हते, हे कुणालाही कळले असते. तिने बर्फातून पाइनच्या फळाचा एक शंकू उकरून काढला आणि त्याच्या पाकळ्या एकेक करून उलगडल्या. आत बी नव्हते. सर्वांत लहान पिल्लाने हात पुढे केला होता. धाकटीने तो रिकामा शंकू त्याला खेळायला दिला आणि ती परत फिरली.

थोरली दगडामागून बाहेर आली नाही. बहीण अगदी जवळून गेली, तिचा श्वास ऐकू येत होता, तरी ती आली नाही. धाकटी दिसेनाशी झाल्यावर थोरली उठली आणि नदीवर गेली.

पाण्याच्या कडेला बर्फाची साय धरू लागली होती. बीव्हर आपल्या घराला चिखल लिंपत होता.  थोरली मान खाली घालून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. पाणवठ्यावरच्या त्या हसण्याची तो आठवण करून देईल, असे तिला वाटले. मनातून ती त्या टोमण्याची वाटच पाहत होती. पण त्याने टोमणा मारला नाही. चिखलाचे हात झटकून तो म्हणाला, "बहिणीच्या ढोलीत किती आहे?"

"काहीच नाही," थोरली म्हणाली. "माझ्या ढोलीतही नाही."

बीव्हरने सांगितले, की दुसऱ्यांचे वाटे तो देऊ शकत नाही, ते ज्याचे त्याला पोचले आहेत. पण त्याच्या मेहनतीची फळे अजून घरात आहेत. ती देऊन तो विलोच्या डहाळ्या घेणार होता. थोरलीने हिवाळाभर त्या डहाळ्या कुरतडून आणून दिल्या, तर फळे तिची.

"पण एक आहे," तो म्हणाला. "फळं हातात घेऊन गेलीस तर ती फळांकडे बघेल. आधी रिकाम्या हातानं जा. काय झालं ते सांग. मग येऊन फळं ने."

थोरली बहिणीच्या ढोलीपाशी गेली. पिल्ले दमून झोपली होती. तिने सगळे सांगितले. अळ्या कधी दिसल्या, तेव्हा ती साळिंदराला काय म्हणाली, वाटणी लांबली हे कसे खोटे होते, आणि आज सकाळी ती दगडामागे होती हेही. बहीण चिडेल, निदान रडेल, असे तिला वाटले होते. धाकटीने पिल्लांच्या अंगावरून हात फिरवला.

"झाडं वाळली त्याचा राग नाही, ताई," ती म्हणाली. "झाडांचं कुणाला सांगता येतं? पण मी तुला रोज विचारत होते. तेव्हा ब्लूबेरी पिकलेली होती."

 थोरली तशीच उठली, नदीवर गेली आणि फळे घेऊन आली. धाकटीने त्यांचे वाटे केले. पिल्लांचे, आपला, आणि ताईचाही. थोरलीने तो वाटा पिल्लांकडे सरकवला. धाकटीने तो परत तिच्यापुढे ठेवला. बहीण पाहत होती म्हणून तिने खाल्ले.

हिवाळाभर थोरली भर दिवसा, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, बीव्हरसाठी विलोच्या डहाळ्या कुरतडत बसे. येणारेजाणारे थबकत. काही विचारत, काही न विचारताच समजून जात. विचारणाऱ्याला ती खरे तेच सांगे, आणि सांगताना मान वर करत नसे. फळे कशीबशी पुरली. पिल्ले जगली, पण वाळून गेली. ऐन थंडीच्या दिवसांत सर्वांत लहान पिल्लाच्या कानाचे टोक गारठून झडले. ते पिल्लू पुढे धडधाकट झाले, मावशीच्या पाठीवर चढून खेळू लागले. थोरलीला मात्र त्याच्या त्या कानाकडे पाहवत नसे.

बर्फ वितळला. शेवटच्या डहाळ्यांबद्दल बीव्हरकडे राहिलेली थोडी फळे थोरलीला नुकतीच मिळाली होती. धाकटीने त्यातला मोठा भाग ढोलीच्या तळाशी नीट रचून ठेवला, आणि उरलेल्याचे एक लहानसे ओझे बांधून ती नदीकडे निघाली. तिने ताईला काही विचारले नाही.

"मी उचलू?" थोरली म्हणाली.

धाकटीने ओझे तिच्याकडे दिले आणि ती पुढे चालू लागली. तिच्या वाकड्या पायाच्या बेताने, जराही घाई न करता, थोरली ते ओझे घेऊन मागून चालत राहिली. वाटेत दोन्ही बाजूंची झाडे पालवली होती. त्यांतले कोणते फळेल, याबद्दल ती काहीच बोलली नाही.

तात्पर्य : येत्या हिवाळ्याचे अन्न आपल्या ढोलीत ठेवावे आणि उरलेले दोन्ही काठांच्या अनेक झाडांत वाटावे, कारण कोणते झाड फळेल हे कुणालाच ठाऊक नसते, आणि दुसऱ्याची बेगमी आपल्या शब्दावर बुडाली, तर लाज बाजूला ठेवून त्याच दिवशी सांगावे, म्हणजे त्याला दुसरे काही गोळा करायला वेळ तरी उरतो.