शाळेची विहीर

"...तर पाणी किती वेळा उपसायचं, बाबा? एकदा उपसलं की विहीर शुद्ध होते, का तीनदा उपसावं लागतं?"

हैबतराव देशमुख धुनीसमोर हात जोडून बसला होता. गिरणेकाठच्या कसब्यातला हा मोठा माणूस. इंग्रज सरकारनं गावात शाळा काढली आणि तिचा कारभार गावच्याच पाच जणांच्या कमिटीकडे सोपवला, तेव्हा अध्यक्ष म्हणून त्याच्याशिवाय दुसरं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही.

केवळपुरी बाबा नदीपलीकडच्या मठात राहत. हैबतराव लहानपणापासून त्यांचा शिष्य.

"विहिरीला काय झालं?" बाबांनी विचारलं.

"शाळेची विहीर आहे. बाटली."

"कशानं?"

"महारवाड्यातला एक पोर पडला तीत. सटवा नावाचा."

बाबांनी मान वर केली. "पोर कुठं आहे?"

"...गेला."

बाबांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"सांग."

हैबतराव सांगू लागला. सटवाला शाळेत घ्यायला गाव तयार नव्हतं. हैबतरावानंच एकेकाच्या घरी जाऊन कमिटीला वळवलं होतं. पोरानं पायरीखाली बसून शिकावं, असं ठरलं. त्याला तहान लागली की मास्तरांनी वरून ओंजळीत पाणी घालायचं. परवा ओसरीवर कमिटीची सभा भरली आणि मास्तर तिथं अडकले. पोर बराच वेळ थांबला. मग स्वतःच विहिरीच्या काठावरून वाकला.

"पडल्याचा आवाज तुला ऐकू आला?"

"आला. विहीर ओसरीसमोरच आहे."

"गिरणेच्या पुरात मी तुला पोहायला शिकवलं होतं."

"हो, बाबा."

"मग?"

"मग मी लगेच विषय सभेपुढं मांडला."

आपण नीट ऐकलं नाही, असं बाबांना वाटलं.

"काय केलंस?"

"विषय मांडला. विहीर कमिटीच्या ताब्यातली. ती तर बाटलीच, वर पोराला काढायचं तर त्याला शिवावं लागणार. कमिटीतले शास्त्रीबोवा म्हणाले, महारवाड्यातून माणूस बोलवा. सावकार म्हणाले, तो उतरला तर दोघांचा विटाळ होईल. मी दोघांची समजूत घातली. कोणाला दुखावलं नाही. शेवटी सगळ्यांनी हात वर केले. अध्यक्षांनी उतरावं, असं ठरलं."

त्याचा आवाज किंचित चढला.

"एकमतानं ठरलं, बाबा. आमच्या कमिटीत असं आजवर कधी झालं नव्हतं."



"उतरलास?"

"उतरलो. पागोटंसुद्धा काढलं नाही."

"आणि...?"

"...बुडबुडे थांबले होते."

नदीवरून वारा आला.

"तो आत होता, तेव्हा त्याला हाक तरी मारलीस? धीर धर, येतोय, असं काही...?"

"सभा चालू होती, बाबा."

बाबांनी तोंड धुनीकडे फिरवलं.

"मीच त्याला वर आणलं," हैबतराव घाईघाईनं म्हणाला. "मीच उचलून महारवाड्यापर्यंत नेलं. सारा गाव बघत होता. त्याच्या आईनं..."



"काय केलं आईनं?"

"लांबूनच जमिनीवर डोकं टेकलं. म्हणाली, देशमुख, तुम्ही माझ्या लेकराला हात लावलात. उपकार झाले."

बाबांनी डोळे मिटून घेतले.

हैबतरावाला ते असह्य झालं.

"माझं चुकलं कुठं, ते सांगा. मी अध्यक्ष आहे. मनाला येईल तसं वागलो, तर जुन्या पाटीलकीत आणि कमिटीत फरक काय राहिला? चौघांना विचारून करायचं, हेच तर या नव्या कारभारात आहे. मी उतरायला तयार होतो. पहिल्यापासून तयार होतो. फक्त सगळ्यांना..."

बाबांनी उजवा हात पुढे केला. हैबतरावाला वाटलं, आशीर्वादाला उचलताहेत.

तो हात त्यांनी मनगटापर्यंत धुनीच्या निखाऱ्यांत घातला.

हैबतराव झेपावला. दोन्ही हातांनी बाबांचा हात धरून त्यानं हिसडा देऊन बाहेर ओढला. निखारे उधळले. त्याची बाही पेटली, ती त्यानं गुडघ्याखाली चिरडली. कमंडलू ओढून त्यातलं सगळं पाणी त्यानं त्या हातावर ओतलं. कातडी सोलवटली होती. ती बघून त्याला रडू फुटलं.

"बाबा... हे काय केलंत? का केलंत?"

बाबांनी हात सोडवून घेतला नाही. शिष्याच्या डोळ्यांत बघत त्यांनी हळू आवाजात विचारलं,

"कमिटीला विचारलंस?"